‘वॉरंटीत बसत नाही’ हे लिहून द्या!

२०२२ सालच्या पाडव्याला आमच्या दारात नवा ट्रॅक्टर आला. वहिनींनी त्याला हळदकुंकू लावले, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि गल्लीतल्या पोरांना पेढे वाटले. किंमत सात लाख चाळीस हजार. त्यातले दीड लाख घरचे, बाकीचे बँकेचे. सातबाऱ्यावर बोजा चढला तो निराळाच. पण घरात आनंद असा, की बोजाची आठवण त्या दिवशी कुणी काढली नाही.

सहा महिन्यांच्या आत, ऐन ज्वारीच्या पेरणीत, हाच ट्रॅक्टर शेताच्या बांधाला निळा धूर ओकत उभा राहिला. त्यानंतर जे घडले ते आमच्या एकट्याच्या घरी घडले असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु खेडोपाडी अशा कितीतरी घरांतून हीच गोष्ट ऐकू येते. ट्रॅक्टर असो, जीप असो, मोटरसायकल असो की पाण्याची मोटर. नवी वस्तू बिघडते, दुकानदार मान हलवतो, ‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणतो, आणि आपला शेतकरी कर्ज काढून दुरुस्ती करून मोकळा होतो. आम्हीही तेच करणार होतो. थोडक्यात वाचलो.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यात. जमीन काळी, आणि उन्हाळ्यात रोटाव्हेटर फिरवला की धुळीचे लोट असे उठतात, की ट्रॅक्टरवाला दिसेनासा होतो. त्या धुळीत आमचा ट्रॅक्टर उन्हाळाभर राबला. सप्टेंबरात त्याचे इंजिन ऑईल पिऊ लागले. पट्टी काढून पाहावी तर ऑईल चार दिवसांत खुणेच्या खाली. मग ओढ कमी झाली, सकाळी चालू व्हायला वेळ लागू लागला, आणि हस्त लागण्याच्या सुमारास पाभर ओढताना चढाला त्याने दम टाकला. मीटरवर तेव्हा दोनशे तीस तास होते. वॉरंटी होती दोन वर्षे किंवा दोन हजार तास, यांपैकी जे आधी होईल ते.

दादांनी ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून तालुक्याच्या शोरूमला नेला आणि तिथे सोडून ते परत आले. ही आमची पहिली चूक. वस्तू ताब्यात देताना जॉब कार्ड करून घेतले पाहिजे. त्यावर तारीख, मीटरचे तास, आपली तक्रार आपल्या शब्दांत, आणि घेणाऱ्याची सही हवी. आमच्याकडे दोन दिवस कागदाचा चिटोराही नव्हता.

तिसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी दोघेही गेले. तिथल्या फिटरने एअर क्लीनरची खालची वाटी काढून ठेवलेली होती. तीतले काळेकुट्ट ऑईल दाखवून मॅनेजर म्हणाला, “दादा, तुम्ही हे साफच केलेलं नाही. धूळ आत गेली, लायनर आणि रिंगा झिजल्या. हा मालकाचा निष्काळजीपणा झाला. वॉरंटीत बसत नाही.” खर्च सांगितला शहाऐंशी हजार. लगेच पुढे गोडीगुलाबीने, “तुम्ही आपले माणूस. सुट्या भागांवर तीस टक्के सूट देतो. फक्त या कागदावर सही करा, म्हणजे आज इंजिन खोलायला घेतो.” तो कागद म्हणजे स्वखुशीने दुरुस्ती करून घेत आहे व काही तक्रार नाही, असा लेख होता.

रानात ओल उडत चालली होती. ज्वारीचे दिवस हातातून जात होते. दादांनी पेन हातात घेतले सुद्धा. वहिनी म्हणाल्या, “अहो, थांबा जरा. साहेब, वॉरंटीत बसत नाही म्हणता ना? मग तेवढंच लिहून द्या की. का बसत नाही, कोणत्या कलमानं बसत नाही, ते पण लिहा.”

मॅनेजर आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला की अशी पद्धत नाही. वहिनी बाकावर बसून राहिल्या. दुपारी दोन वाजता जॉब कार्डावर एक ओळ उमटली: ‘एअर क्लीनर साफ न ठेवल्याने इंजिनात धूळ गेली, वॉरंटी नामंजूर.’ खाली सही-शिक्का.

पुढच्या सगळ्या लढ्याचा पाया ती एक ओळ झाली. तोंडी नकाराला बूड नसते. आज ऑईलचे कारण, उद्या डिझेलचे, परवा दोन ट्रॉल्या ओढल्याचे. एकदा कारण कागदावर उतरले की ते खोडून काढता येते.

ट्रॅक्टर आम्ही न खोलता ओढून घरी आणला. आणि इथे आम्हांला देव पावला म्हणायचा. आमचे एक मामा एसटीच्या आगारात तीस वर्षे फिटर होते. निवृत्तीनंतर गावी शेळ्या राखतात. निरोप मिळताच ते आले, आणि आल्याआल्या म्हणाले, “कुणी हात लावायचा नाही. क्लिपसुद्धा आवळायची नाही.”

मामांनी आम्हांला जे समजावून दिले ते ज्याच्या दारात डिझेलचे इंजिन आहे त्याने ऐकण्यासारखे आहे. इंजिन जेवढे डिझेल पिते त्याच्या कितीतरी पट हवा पिते. ती हवा आधी एअर क्लीनरमध्ये येते, वाटीतल्या ऑईलवर आपटते, धूळ ऑईलात बसते, आणि स्वच्छ हवा वरच्या रबरी पाईपातून इंजिनात जाते. आता धूळ इंजिनात शिरण्याचे मार्ग दोन. एक, वाटीतले ऑईल गाळाने भरले आणि मालकाने ते बदललेच नाही. दुसरा, एअर क्लीनर आपले काम चोख करतो आहे, पण त्याच्या पुढे, रबरी पाईपाच्या जोडाला फट आहे. तिथून हवा गाळल्यावाचून थेट आत जाते. दोन्हींत इंजिन सारखेच झिजते. बारीक माती ऑईलात मिसळून लायनरला कानशीसारखी घासते. झिजलेले लायनर पाहून धूळ कुठून आली ते सांगता येत नाही. ते सांगतो पाईप.

मामांनी धोतराचा धुतलेला तुकडा मागितला, पाईपाचे पुढचे टोक सोडवून आत बोट फिरवले. एअर क्लीनरकडच्या बाजूची नळी आतून स्वच्छ निघाली. जोडापासून पुढे मात्र इंजिनापर्यंत मातीची रेघ. मग त्यांनी जोडाची क्लिप दाखवली. ती तिरकी बसली होती, आणि तिच्याखाली रबराची कड दुमडलेली होती. कारखान्यात बसवतानाच दुमडली असावी, कारण क्लिपच्या स्क्रूवरचा रंगाचा ठिपका जसाच्या तसा होता. पान्याने तो स्क्रू कुणी फिरवला असता तर रंग उडाला असता.

“वाटी साफ करताना ह्या क्लिपला हात लागतो का?” दादांनी विचारले.

“वाटी खालून निघते. ही वर आहे. तुझं हिच्याशी कामच काय?” मामा म्हणाले.

सरपंच, पोलीस पाटील आणि दोन शेजारी यांना बोलावून आम्ही टिपण केले. मीटरचे तास, इंजिनाचा व चासीचा नंबर, पाईपात काय दिसले, क्लिप कशी होती, सगळे लिहून पाचांच्या सह्या घेतल्या. पोराने मोबाईलवर फोटो काढले. तो धोतराचा तुकडासुद्धा कागदी पाकिटात घालून, वर सह्या करून वहिनींनी पेटीत ठेवला. मग पाईपाला फडके गुंडाळून ट्रॅक्टर छपरात लावला.

एवढ्यावर भागले नसते. ऑईल वेळेवर बदलत होतो हे दाखवायला हवे होते. इथे वहिनींची वही कामास आली. पोरांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर त्या डिझेलचा हिशेब लिहीत. त्यात प्रत्येक वेळी तारीख, मीटर, आणि ‘वाटीचे ऑईल बदलले’ अशी नोंद. उन्हाळ्यात तर दर दोन-तीन दिवसांनी. ऑईलच्या डब्यांची बिले वहीला टाचलेली. मॅनेजरने दाखवलेले काळे ऑईल तीन दिवसांच्या पेरणीचे होते. वाटीत काळे ऑईल असणे म्हणजे ती धूळ धरते आहे याची खूण.

आणखी एक कागद निघाला, तो तर त्यांच्याच हातचा. पन्नास तासांच्या पहिल्या सर्व्हिसचे कार्ड. त्यात छापील यादी होती, आणि ‘हवेचे पाईप व क्लिपा तपासल्या’ या ओळीसमोर शोरूमच्याच माणसाने बरोबरची खूण केली होती. तपासल्या असतील तर दुमडलेली कड दिसली कशी नाही? आणि तपासल्या नसतील तर खूण कशाची?

दादांनी विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही पत्र लिहिले. दोघांनाही हे महत्त्वाचे, कारण एकाला लिहिले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पत्रात शिवीगाळ नाही, रडगाणे नाही. कधी घेतला, काय बिघडले, तुम्ही कोणते कारण लिहून दिले, ते का खोटे आहे, आम्हांला काय हवे, आणि पंधरा दिवसांत उत्तर द्या. सोबत कागदांच्या नकला. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. (आजकाल पाठवताना स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोच मागावी.) तीन आठवडे उत्तर नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करून तक्रार नोंदवली. हा फोन मराठीतही बोलता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. आठ दिवसांत कंपनीचा इंजिनिअर जीप घेऊन दारात हजर.

त्याने पाईप पाहिला, क्लिप पाहिली, चहा घेतला, आणि जाताना म्हणाला, “आमचं मॉडेल बुधनीच्या सरकारी केंद्रात तपासून पास झालेलं आहे.” हे पुष्कळ जण सांगतात. मध्य प्रदेशातल्या बुधनीला ट्रॅक्टरची चाचणी होते हे खरेच. पण चाचणी मॉडेलची होते, आपल्या दारातल्या नगाची नव्हे. दहावीच्या पुस्तकात धडा बरोबर छापलेला आहे म्हणून आपल्या पोराच्या वहीत चूक नाही असे थोडेच?

पंधरा दिवसांनी कंपनीचे पत्र आले. पुन्हा नकार. त्यात नवे कारण होते: ट्रॅक्टर भाड्याने चालवला जातो, म्हणजे व्यापारी उपयोग आहे, सबब तुम्ही ग्राहकच नाही.

हे वाचून दादा खचले. कारण शेजारच्या दोघांची नांगरट आम्ही पैसे घेऊन केली होती, हे खोटे कसे म्हणावे? पण कायदा येथे शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी उपयोगाची’ धरत नाहीत, असा खुलासा ग्राहक संरक्षण कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात तो उलगडून सांगितला. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा मनुष्य ग्राहकच, ट्रक घेऊन स्वतः चालवणाराही ग्राहकच, असे दाखले त्यात आहेत. दहा ट्रॅक्टर घेऊन नोकर ठेवून धंदा करणाऱ्याची गोष्ट निराळी. आमच्या घरी ट्रॅक्टर दादा आणि पुतण्या यांच्याशिवाय कुणी चालवत नाही. मात्र वॉरंटी कार्डात भाड्याच्या वापराविषयी काय अट आहे ती घेतानाच वाचावी. आम्ही ती नोव्हेंबरात वाचली.

जानेवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. इथे थोडी माहिती देतो, कारण आयोगाचे नाव काढले की माणसे कोर्टाची पायरी आठवून दचकतात. ग्राहकांचा कायदा पहिल्यांदा झाला १९८६ साली. त्याआधी, १९७४ पासून, पुण्याच्या बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले होते. आता चालू आहे तो २०१९ चा कायदा, जो जुलै २०२० पासून अमलात आला. त्याची मोठी सोय अशी, की आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी पुण्याची असो की दिल्लीकडची, तिनेच आपल्या जिल्ह्याला यायचे. वस्तूपोटी दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो. फी पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांना चारशे. आमचे दोनशे लागले. वकील सक्तीचा नाही. स्वतः उभे राहून बोलता येते. आता ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार देता येते. मुदत मात्र कडक आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. आज-उद्या करत ती घालवलेली घरे मी पाहिली आहेत.

समोरच्याने नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत म्हणणे द्यायचे, फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पंचेचाळीस दिवस ओलांडता येणार नाहीत असा निर्णय दिला आहे. तेव्हा तारखेवर तारीख पाडून शेतकऱ्याला दमवण्याची ती एक वाट तरी बंद झाली.

मागताना काय मागावे यावर घरात वाद झाला. पुतण्याचे म्हणणे, नवा ट्रॅक्टरच मागा. आम्हांला ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्याने समजावले, की वॉरंटीत कंपनीने बिघडलेला भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे कबूल केलेले असते. २००६ साली एका मोटारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाडीच बदलून देण्याचा हुकूम याच कारणाने टिकू दिला नाही. म्हणून आम्ही इंजिनाची पूर्ण दुरुस्ती, इंजिनावर नवी लेखी वॉरंटी, आणि भाड्याच्या ट्रॅक्टरपायी झालेला एक लाख दहा हजारांचा खर्च एवढेच मागितले. सोबत अर्ज दिला: दोष तज्ज्ञाकडून तपासावा. परीक्षेशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू तपासून घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. गाडी खोलून बसलो असतो, क्लिप आवळून टाकली असती, तर तपासायला उरले काय असते?

या सगळ्या दिवसांत घरचे हाल सांगायलाच हवेत. ज्वारी बारा दिवस उशिरा पडली, ती शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने. बँकेला वॉरंटीशी देणेघेणे नसते. डिसेंबरचा हप्ता आला तो आलाच. पुतण्या म्हणत होता, ट्रॅक्टर बंद आहे तर हप्ता कशाला भरायचा? तसे केले असते तर बँकेने ट्रॅक्टर ओढून नेला असता, आणि पुरावाही त्याबरोबर गेला असता. घरच्या गाईची जातिवंत खोंडे, ज्यांच्यावर दादांचा फार जीव, ती बार्शीच्या बाजारात विकून हप्ता भरला. त्या दिवशी दादा जेवले नाहीत.

एप्रिलात आयोगाने नेमलेले शासकीय तंत्रनिकेतनातले एक अध्यापक गावी आले. दोन्ही बाजू हजर होत्या. त्यांनी पाईप पाहिला, स्क्रूवरचा रंगाचा ठिपका भिंगाने पाहिला, वाटी काढून-बसवून पाहिली, मग इंजिनाचे हेड खोलले. मामा छपराच्या खांबाला टेकून गप्प उभे होते. अहवालात लिहून आले, की धूळ एअर क्लीनरच्या पुढच्या जोडातून गेली आहे, आणि वाटीच्या देखभालीशी त्या जोडाचा संबंध नाही.

त्यानंतरच्या तारखेला कंपनीचा वकील तडजोडीची भाषा बोलू लागला. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे सगळे नवे, मजुरीसकट फुकट. इंजिनावर दुरुस्तीपासून एक वर्षाची लेखी वॉरंटी. आणि भाड्याच्या खर्चापोटी पंचेचाळीस हजार. एक लाख दहा हजार का नाहीत? कारण पावत्या तेवढ्याच होत्या. पेरणीच्या प्रत्येक एकराची चिठ्ठी वहिनींनी शेजाऱ्याकडून सही घेऊन ठेवली होती. पण ट्रॉलीच्या खेपा, कडब्याची वाहतूक, हे आम्ही शेजारधर्माने तोंडी हिशेबावर केले. त्याचा कागद नव्हता, त्याचे पैसे बुडाले. खोंडांचे तर कुणी विचारलेच नाही.

लढत राहिलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते. कायदा म्हणतो की तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात कामाचा बोजा पाहता किती लागतात ते आयोगात बसलेल्या माणसांच्या तोंडावर दिसते. आणि निकालावर कंपनीला राज्य आयोगात अपीलही करता येते. मृग आठ दिवसांवर आला होता. दादांनी तडजोड घेतली, पण एक अट घालून: ती आयोगासमोर लिहून, आयोगाच्या हुकमात यावी. शोरूमच्या टेबलावरच्या तडजोडीला ते तयार झाले नाहीत. माझ्या मते त्यांनी योग्य तेच केले. पुतण्याला अजून तसे वाटत नाही.

जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला. झिजलेले जुने लायनर दादांनी मागून घेतले आणि पोत्यात घालून आणले. त्या वर्षी मृग कोरडाच गेला, पाऊस महिनाअखेरीस आला, त्यामुळे धावपळ करून आणलेला ट्रॅक्टर तीन आठवडे छपरात उभाच होता. मामा रोज संध्याकाळी शेळ्या परतवताना वाकडी वाट करून येत आणि त्या क्लिपवर बोट फिरवून जात.

वहिनींची वही अजून चालू आहे. जुनी भरली, आता नवी आहे. पहिल्या पानावर मीटरचे तास आणि पुढे ‘इंजिन नवे बसवले’ अशी नोंद, खाली शोरूमच्या मॅनेजरची सही. सही देताना तो म्हणाला, “वहिनी, यावर कशाला सही?” वहिनींनी पेन त्याच्या हातात दिले आणि बाकावर जाऊन बसल्या.